श्रीखंडाच्या डब्यातली मोहरी

"मावशी, लिहून ठेव! शनिवारनंतर तुला एकही डबा हुंगायला लागणार नाही!"

सौमित्रने हे इतक्या जोरात जाहीर केलं, की नौपाड्यातल्या त्या इमारतीत खालच्या मजल्यावर चाललेली तबल्याची शिकवणी क्षणभर थांबली. सौमित्र राहायला डोंबिवलीला, पण ठाण्याच्या एका कॉलेजात दृष्टिहीनांसाठीच्या उपकरणांवर संशोधन करायचा. समोर जे काही छापलेलं असेल ते मराठीत मोठ्याने वाचून दाखवणारा एक चष्मा त्याने तयार केला होता. नाव ठेवलं होतं 'दिव्यदृष्टी'! नम्रता हा विषय त्यांच्या कॉलेजात शिकवत नसावेत.

"मला कुठे त्रास होतोय हुंगायला?" सुहासिनीमावशी म्हणाली. तिची नजर जाऊन बावीस वर्षं झाली होती, आणि या बावीस वर्षांत तिच्या आमटीत एकदाही मीठ कमीजास्त झालं नव्हतं. "पण नंदासाठी कर बाबा काहीतरी. आठ महिने झाले, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येते आणि परत फिरते. म्हणते, हाताला काही ओळखूच येत नाही."

नंदा ही मावशीची शाळेपासूनची मैत्रीण. साखरेच्या आजाराने तिची दृष्टी गेली होती. मावशीने चाचणीला होकार दिला तो फक्त तिच्यासाठी. शनिवारी चार वाजता सौमित्रच्या मार्गदर्शक जया मॅडम स्वतः चाचणी बघायला येणार होत्या. त्यांना पटलं तर कल्याण-डोंबिवलीतल्या वीस घरांत वीस चष्मे जाणार होते, आणि पहिला नंदाला. नाही पटलं तर प्रकल्प बंद!

सौमित्रला काळजी नव्हती. प्रयोगशाळेत त्याने दुकानातून आणलेली चारशे पाकिटं चष्म्यापुढे धरली होती, त्यातली तीनशे ब्याण्णव चष्म्याने बरोबर वाचली होती. फक्त एक गोष्ट त्याने केली नव्हती. एखाद्या मराठी घराच्या फडताळासमोर तो चष्मा घेऊन उभा राहिला नव्हता.

बुधवारी राहिला. मावशीने चष्मा लावून एक डबा पुढे धरला.

"श्रीखंड! केशर वेलची!" चष्मा गरजला.

"मोहरी," मावशी म्हणाली.

"कॉफी!"

"मेथीदाणे."

"लोणी बिस्किटं!"

"सुईदोरा. तो डबा इकडे कसा आला?"

सौमित्र मटकन स्टुलावर बसला. श्रीखंडाच्या डब्यात श्रीखंड असतं ते पहिले दोन दिवस, पुढची वीस वर्षं त्यात काहीही असू शकतं, हे त्याला जन्मापासून माहीत होतं! त्याच्या स्वतःच्या घरी आइस्क्रीमच्या डब्यात कढीपत्ता होता. पण संशोधन करताना माणूस घर विसरतो, त्याला तो तरी काय करणार?

"काही टेन्शन नाही," तो उठत म्हणाला. "फक्त चाचणीचा नियम लक्षात ठेव हां मावशी. हुंगायचं नाही, डब्यात बोट घालायचं नाही. चष्मा सांगेल तेच टाकायचं!"

शुक्रवारी मावशी नंदाला आणायला डोंबिवलीला गेली आणि मुक्कामाला राहिली. ही संधी साधून सौमित्र नवीन लेबलांचा गठ्ठाच घेऊन नौपाड्यात हजर झाला. ठसठशीत अक्षरं, पांढरा कागद, चष्म्याला वाचायला एकदम सोपं. आता प्रश्न उरला एकच. कुठल्या डब्यात काय आहे?

"मला विचार की!" मावशीचे यजमान मधुकाका बाह्या सरसावून पुढे आले. "चाळीस वर्षं या घरात जेवतोय मी!"

जेवणं आणि डबे ओळखणं यात फरक असतो, हे दोघांनाही सुचलं नाही. काका एकेक झाकण उघडायचे, लांबूनच पाहायचे आणि न्यायाधीशाच्या थाटात निकाल द्यायचे.

"पांढरं आहे ना? रवा! लाव."

"काका, नक्की ना? जरा बारीक वाटतोय."

"बारीक रवा! आणि ही बघ, वेलची पूड."

"वास घेऊन बघायचा का?"

"सर्दी झालीय मला. पण वेलची मी नजरेने ओळखतो रे!"

एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण सौमित्रला शिस्तीची हुक्की आली. त्याने सगळे डबे 'अ' पासून 'ज्ञ' पर्यंत लावून टाकले! काकांनी लांब उभं राहून पाहिलं आणि कौतुकाने टाळी वाजवली.

शनिवारी जया मॅडम पावणेचारलाच आल्या. त्या चपला काढत असतानाच रिक्षा थांबली आणि मावशी नंदाला हाताला धरून वर आली. लेबलांचं सांगायला सवडच मिळाली नाही. नंदाला स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची दिली. मॅडम वही घेऊन उभ्या राहिल्या. मावशीने शिरा करायचा असं ठरलं होतं.

मावशीने पदर खोचला आणि सवयीने उजव्या हाताला, रव्याच्या डब्याकडे हात नेला. तिथे डबा होता, पण भलताच. तिने शेजारी चाचपलं. मग वरचा कप्पा, खालचा कप्पा. तिचा हात हवेतच थांबला. तिच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात ती हरवली होती! सौमित्रने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. आपण काय करून बसलो ते त्याला त्या क्षणी कळलं, आणि मनापासून वाईट वाटलं. पण मॅडमचं पेन चालू झालं होतं.

मावशीने चष्मा चढवला.

"रवा!" चष्मा म्हणाला.

मावशीने तुपात दोन वाट्या टाकल्या आणि उलथणं फिरवलं. तिच्या कपाळाला आठी पडली. "सौमित्र, रवा परतताना खरखर वाजतो. हे वाजत नाहीये. चष्म्याचंच ऐकायचं ना?"

"हो मावशी, चष्म्याचंच!" सौमित्र घाम पुसत म्हणाला.

"नक्की?"

"न... नक्की."

मावशीने गरम दूध ओतलं. ती होती तांदळाची पिठी! कढईत बघता बघता अशी खळ तयार झाली, की तिच्यावर ठाण्यातल्या सगळ्या निवडणुकांची पत्रकं चिकटवता आली असती. उलथणं मधोमध उभं राहिलं आणि कुणी न धरता उभंच राहिलं.

"वेलची पूड!" चष्मा उत्साहाने म्हणाला.

मावशीने चमचाभर भुकटी वाफेवर सोडली. ती होती मिरपूड!

पहिली शिंक मॅडमची. दुसरी मधुकाकांची, सर्दीसकट. मग मावशी शिंकायला लागली. दर शिंकेला तिची मान हलायची, चष्म्यासमोर नवीन काहीतरी यायचं आणि चष्मा इमानेइतबारे ते वाचायचा. भिंतीवरचं कॅलेंडर आलं. "संकष्टी चतुर्थी! चंद्रोदय नऊ वाजून अठरा मिनिटे!" आक्छी! खुंटीवर कुणाच्या तरी लग्नात मिळालेली कापडी पिशवी होती. "कृपया आहेर आणू नये!" आक्छी! "रवा! रवा! वेलची पूड! कृपया आहेर आणू नये!"

"आपला नम्र!" दारातून आवाज आला.

नंदा हसत होती. आधी तोंडावर पदर धरून, मग पदर सोडून, मग खुर्ची धरून. आठ महिन्यांत तिला कुणी असं हसताना ऐकलं नव्हतं.

"सुहास, वेलची कसली गं, मिरी आहे ती मिरी! मला इथे बसून कळतंय!"

"मला नाही का कळत? पण नियम आहे ना, हुंगायचं नाही!"

"चुलीत घाल तो नियम!" असं म्हणून नंदा उठली आणि भिंतीला हात लावत थेट आत आली. उंबरा कधी ओलांडला हे तिचं तिलाही कळलं नाही. "दे तो डबा इकडे. ही साखर. हा सोडा. हं, हा रवा! कुठल्या शहाण्याने चिकटवलीत ही लेबलं?"

"बेल वाजली वाटतं," मधुकाका पुटपुटले आणि बाहेर गेले. बेल वाजली नव्हती.

सौमित्रने खाली मान घालून सगळं कबूल केलं. मॅडमनी डोळे पुसत विचारलं, "सौमित्र, लेबलं लावण्याआधी तू मावशींना एकदा तरी विचारलंस?"

"नाही मॅडम. सॉरी मावशी. खरंच सॉरी."

तोपर्यंत दोघी मैत्रिणींनी नवा शिरा टाकलाही होता. रवा खरखर वाजत होता, उलथणं नंदाच्या हातात होतं.

"तुझा चष्मा हुशार आहे रे," मावशी म्हणाली. "पण तो दुकानदाराचं ऐकतो. माझ्या डब्यात काय आहे हे मला माहीत, नंदाच्या डब्यात काय ते नंदाला. आम्ही एकदा सांगू, ते लक्षात ठेवणारं काहीतरी कर. डब्याला हात लावला की आमच्याच आवाजात बोलायला हवं. आणि आधी माझे डबे होते तिथे ठेव!"

मॅडमनी वहीत एवढंच लिहिलं आणि खाली सही केली. प्रकल्प वाचला! शिऱ्याचा पहिला घास खाऊन सौमित्र उठला. तो मावशीच्या पाया पडला, मग नंदामावशीच्याही.

तीन महिन्यांनी बोलकी बटणं तयार झाली. डब्याला चिकटवायची, एकदा आपल्या आवाजात सांगून ठेवायचं, मग दाबलं की बोलतात. पहिला संच नंदाकडे गेला. आता ती रोज सकाळी मावशीला फोन करून आज काय केलं ते सांगते, आणि सौमित्रला महिन्यातून दोनदा जेवायला बोलावते. प्रबंधाच्या आभाराच्या पानावर मॅडमच्याही आधी दोन नावं आहेत, सुहासिनी आणि नंदा.

परवा सौमित्र अहवालासाठी माहिती भरायला नौपाड्यात आला. एक संच मावशीकडेही होता.

"मावशी, रोज वापरतेस?"

"मी? छे! मला कशाला लागतंय?"

तेवढ्यात स्वयंपाकघरातून मावशीचाच आवाज आला. "हे मीठ आहे. साखर डावीकडे. डावीकडे म्हणजे घड्याळाच्या हाताला. आणि झाकण लावा!"

पाठोपाठ मधुकाकांचा आवाज आला, "लावतोय, लावतोय!"

सौमित्रने पेन थांबवलं. "मग या घरात वापरणारे दृष्टिहीन किती लिहू?"

"एक लिही," मावशी म्हणाली. "चाळीस वर्षं झाली, त्यांना साखरेचा डबा दिसलेला नाही!"