आठ वाजताचा आकडा

सकाळी आठला गुणाजीचा टेम्पो चाळीच्या अंगणात गुरगुरायला लागला, की मेघना हवेतले कण मोजायचं यंत्र घेऊन गॅलरीत उभी राहायची. तिच्या सहा महिन्यांच्या नूपुरला खोकला झाला होता, आणि आईला गुन्हेगार हवा होता.

"चारशे दहा!" ती वरून ओरडली. "काका, बंद करा तो! पोरीच्या छातीत जातोय सगळा धूर."

"अगो, डिझेलचा इंजिन. गरम झाल्याबिगर हलत नाय," गुणाजी म्हणाला. "पीयूसी केलंय. नळी लावून तपासल्यानी, पास झालो हा."

"तुमची नळी वर्षातून एकदा. माझं मशीन रोज आहे."

आठवडाभराचे आकडे चाळीच्या ग्रुपवर गेले. रविवारी मीटिंग बसली. तीस वर्षं त्या जागेवर टेम्पो लावणारा गुणाजी एवढंच म्हणाला, "पोरीच्या जीवापेक्षा टेम्पो मोठो नाय." त्याच संध्याकाळी त्यानं तो माझगावात नेऊन लावला.

सोमवारी पहाटे तो गुडघे धरत तिकडे चालत गेला. आठ वाजता अंगण गप्प होतं. यंत्र म्हणालं, चारशे बारा.

मेघनानं यंत्राला दोन चापट्या मारल्या. बॅटरी बदलायला ती घराच्या दाराकडे वळली, तर आकडा सहाशेवर. आत सासूबाई न्हायलेल्या नूपुरला शेगडीवर धुरी देत बसल्या होत्या.

"खोकलो हटत नाय म्हणून ओवा नि धूप आठवडाभर जरा जास्तच टाकतंय," त्या म्हणाल्या.

धुरीचा वास म्हणजे बाळाचा वास. त्याला धूर म्हणायचं कुणाच्या मनात येतं?

गुणाजीला जागा परत द्या, असं सांगायला ती तशीच चाळीचा सेक्रेटरी अवधूतकडे धावली. गुणाजीच्या जागेवर अवधूतची नवी गाडी झाकून उभी होती.

"आता कसं होणार, वहिनी?" अवधूत म्हणाला. "आणि ही इलेक्ट्रिक आहे. धुराचं नावच नको."

संध्याकाळी गुणाजी जिन्यात गुडघ्यांना तेल चोळत बसला होता. मेघनानं मान खाली घालून सगळं सांगितलं.

"खोकलो?" त्यानं विचारलं.

"सकाळची धुरी मधेच बंद केली. दुपारपासून खोकली नाही."

"मग झाला तर." त्यानं बाटलीचं बूच लावलं. "एक कर गो. तां यंत्र घेवन उद्या माझगावाक ये. थंयली एक बाय आज खिडकीतसून माझ्या टेम्पोकडे बघून खोकत होती."