न वाकणारा सोफा

मनुष्याने मऊ आसनावर बसू नये, असे माझे मत आहे. मऊ आसन प्रथम पाठ वाकवते, नंतर निश्चय, आणि शेवटी प्रार्थनेच्या वेळी डुलकी आणते. (हे मी अनुभवाने सांगत नाही. मी डोळे मिटून चिंतन करतो. घोरण्याचा आरोप पत्नीचा आहे. तो सिद्ध झालेला नाही.)

मी वजनकाट्यांच्या कारखान्यात स्प्रिंगा तपासतो. स्प्रिंगवर भार द्यावा, ती किती दबली ते मोजावे, भार काढल्यावर ती पूर्वपदावर येते का ते पाहावे, आणि जी येत नाही तिला बाद करावे, हा माझा धर्म. हीच कसोटी मी माणसांनाही लावतो. त्यामुळे मला मित्र थोडे आहेत.

सासूबाईंच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले आणि त्या महिनाभर आमच्याकडे राहतील असे ठरले. तेव्हा पत्नीने मला समोर बसवून एक गोष्ट सांगितली. आईला कोणी हात धरून उठवलेले खपत नाही. मुलाने, म्हणजे माझ्या मेहुण्याने, एकदा पाहुण्यांसमोर तिला हाताला धरून उठवले, तर आठवडाभर ती त्याच्याशी बोलली नाही.

"इथं तसं झालं तर आई दुसऱ्या दिवशी परत जाईल," पत्नी म्हणाली. "आणि तिच्यासोबत मी."

दुसरे वाक्य ती पहिल्यापेक्षा हळू बोलली, म्हणून मी ते गांभीर्याने घेतले. मला स्वयंपाकातला फक्त चहा येतो, आणि माझा चहा मीही पीत नाही.

अडचण आमच्या सोफ्याची होती. त्यात बसणारा बसत नसे, बुडत असे. एकदा एक विमा एजंट त्यात बसला, आणि केवळ उठता येईना म्हणून जेवणाची वेळ होईपर्यंत बोलत राहिला. पत्नीचे म्हणणे, एक उंच खुर्ची आणावी. मी म्हणालो, खुर्ची कशाला? सोफाच सुधारतो. (देवाने मला त्या क्षणी खोकला जरी दिला असता, तरी पुढचे टळले असते.)

साहेबांची रीतसर परवानगी घेऊन मी कारखान्यातून जाड स्प्रिंगा आणल्या. जिच्यावर पोती तोलतात त्या काट्याची, सर्वांत ताठ स्प्रिंग मी मधोमध बसवली. वडीलधारी माणसे मध्येच बसतात. एकाने जास्त दबावे आणि दुसऱ्याने कमी, हा अन्यायही मला मान्य नव्हता. म्हणून सगळ्या स्प्रिंगांवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच जाड, न वाकणारी फळी ठोकली आणि तिच्यावर पातळशी गादी घातली. मधोमध हात दाबून पाहिला. सोफा हलला नाही. मी ईश्वराचे आभार मानले आणि थोडेसे स्वतःचेही.

सासूबाई आल्या. काठीसारख्या सडपातळ, काठीसारख्या ताठ, हातात काठी. बरोबर मेहुणा होता. याला आमच्या कारखान्यात पोत्यांच्याच काट्यावर उभे करावे लागेल. सासूबाई मध्ये न बसता डाव्या टोकाला बसल्या. ते टोक चांगलेच खाली गेले. मी तिकडे दुर्लक्ष केले.

चहा झाला आणि त्या उठू लागल्या. काठी टेकली, उठवेना. पुन्हा टेकली. पत्नी माझ्याकडे पाहू लागली. सवयीने पुढे होऊ नयेत म्हणून मी दोन्ही हात पाठीमागे बांधले. आईची ती धडपड पाहूनच दमलेल्या मेहुण्याने "हुश्श" केले आणि उजव्या टोकाला अंग टाकले.

उजवे टोक खाली गेले. डावे वर आले. सासूबाई उभ्या राहिल्या.

उभ्या राहून त्या दोन पावले चाललेल्याही होत्या. मग त्यांनी मागे वळून सोफ्याकडे पाहिले.

"सोफा चांगला आहे हो, जावईबापू," त्या म्हणाल्या.

घाबरून मेहुणा ताडकन उठला, तशी उजवी बाजू उसळली आणि तिच्यावरची उशी त्याच्या पाठीत बसली. हे सांगण्याची गरज नव्हती, पण मला ते आवडले होते.

मेहुणा गावी परतला आणि त्याची जागा मला मिळाली. मी रजा काढली. उठायचे झाले की सासूबाई खोकत, आणि मी असेन तेथून येऊन, जणू मनातच आले म्हणून, वर्तमानपत्र घेऊन उजव्या टोकाला बसे. घरात याविषयी कोणी अवाक्षर काढत नसे. काम नाजूक होते. हळू बसलो तर त्या अर्ध्यावर अडकत. जोरात बसलो तर थेट दारापर्यंत जात. "बसताना जरा विचार करून बसत जा," असे त्यांनी मला एकदा दारातूनच सांगितले. एकदा ऐन वेळी फोन वाजला आणि मी उठलो. त्या परत खाली आल्या. त्या दिवशी मला जेवण वाढले गेले, पण पाणी मागूनही मिळाले नाही.

बसल्या बसल्या मी त्यांना ताठ राहण्याचे महत्त्व समजावून देत असे. श्रोता स्वतःहून उठू शकत नाही, हे भाग्य फार थोड्या वक्त्यांना लाभते.

रजा संपली. माझ्याविना घर कसे उभे राहणार, असा प्रश्न मी जेवताना सूचकपणे टाकला. पत्नी "बघू" म्हणाली. सासूबाई म्हणाल्या, "देव आहे."

दुसऱ्या दिवशी कारखान्यात माझे लक्ष लागेना. चिंतेने मी एक वाईट स्प्रिंग चांगली म्हणून पुढे सोडली आणि धावत जाऊन परत आणली. दुपारच्या सुट्टीत घर गाठले. सासूबाई स्वयंपाकघरात उभ्या राहून भाजी निवडत होत्या. सोफ्याच्या उजव्या टोकाला, माझ्या जागी, गव्हाचे पोते पडले होते. शेजारी उंच स्टूल. वाण्याच्या माणसाकडून पत्नीने पोते स्टुलाच्या अगदी कडेला ठेवून घेतले होते; सासूबाईंनी त्याला काठीने नुसते ढोसले होते.

"म्हणजे माझ्यापेक्षा पोतं बरं?" मी विचारले.

"तसं नाही, जावईबापू. वजन तुमच्याएवढंच आहे." त्यांनी शेंगेचा दोरा काढला. "फक्त ते बोलत नाही."

सासूबाईंनी मुक्काम आणखी महिनाभर वाढवला. पत्नी घरातच राहिली. सेवेतून मलाही काढलेले नाही, कारण पोते आपण होऊन स्टुलावर चढत नाही. सकाळी, दुपारच्या सुट्टीत आणि संध्याकाळी मी ते उचलून वर ठेवतो.

काल ते ठेवले आणि कंबरेत काहीतरी कट्कन वाजले. मी वाकलो तो वाकलोच. भार काढून झाला होता, तरी पूर्वपदावर येईना. कारखान्याच्या कसोटीने मी बाद. कसाबसा डाव्या टोकाला टेकलो आणि मग उठता येईना.

"हात देऊ का?" सासूबाईंनी विचारले.

मी नको म्हणालो. मलाही काही मान आहे.

त्यांनी मान डोलावली, बाजूला झाल्या, आणि काठीने पोत्याला ढोसले.