पोपटतात्यांच्या दोन भिंती

पोपटतात्यांच्या ताटात भाकरी पडली की ते आधी ती उचलून खिडकीकडे धरतात. पुढून बघतात, मागून बघतात, कडेवरून नख फिरवतात आणि मगच मोडतात. "आवं, भाकरीत काय तार असती व्हय?" असं वत्सलाकाकी लग्न झाल्यापासून विचारत आल्या आहेत. "बघाय काय जातंय?" हे तात्यांचं उत्तरही तेवढंच जुनं आहे. तार म्हणजे नोटेत असते ती चमकती पट्टी. जगातल्या प्रत्येक वस्तूत ती कुठे ना कुठे असणारच, आपल्याला नीट बघता येत नाही एवढंच, अशी तात्यांची समजूत आहे.

उंब्रजला माझं ब्लाउज शिवायचं दुकान आणि तात्यांचं घर यांच्यात एकच भिंत, त्यामुळे या बघण्याचा सगळ्यात जास्त ताप मला झाला. काकींचा ब्लाउज शिवून दिला की तात्या तो घेऊन भर रस्त्यात उन्हात धरणार आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत "अस्तर पातळ हाय, मुमताज" असं सांगणार. अस्तर पातळ असायचंच, पण ते रस्त्यात सांगायची काय गरज? माझ्या बहिणीला स्थळ आलं तेव्हा मुलाचा फोटोसुद्धा उजेडात गेला. "ह्यात तार दिसत न्हाई," तात्या म्हणाले. आम्ही हसण्यावारी नेलं आणि लग्न लावून दिलं. आता बहीण माहेरी आली की आधी तात्यांना भेटायला जाते.

मिलिटरीतून परत येऊन तात्या ऊस लावत होते तोवर ठीक चाललं होतं. मग त्यांच्या मुलीचं लग्न झालं आणि पाठोपाठ तात्यांनी पुढच्या खोलीतली कॉट आणि टीव्ही मागे नेऊन टाकला. दारावर पाटी लागली : 'खरा पैसा खोटा पैसा संग्रहालय. प्रवेश दहा रुपये. उजेडात धरा.' काकी दोन दिवस बोलल्या नाहीत. त्यांची मालिका अर्धी राहिली होती.

संग्रहालयाला भिंती दोनच. डावी खऱ्याची, उजवी खोट्याची. खऱ्याच्या भिंतीवर भोकाचा पैसा, कडेला फुलासारखे कंगोरे असलेले दहा पैसे, जुन्या एक-दोन रुपयांच्या नोटा, असं सगळं काचेखाली. खोट्याच्या भिंतीची मात्र पंचाईत झाली. खरोखरच्या बनावट नोटा घरात ठेवणं गुन्हा असतो, हे पाटी लागल्यावर पोलीस येऊन सांगून गेले. मग तात्यांनी तिथे चॉकलेटची सोनेरी नाणी, नोटेसारखी छापलेली एक लग्नपत्रिका, क्लासवाल्यांनी वाटलेली नोटेच्या आकाराची जाहिरात आणि खाऊच्या पुडीत निघतात त्या 'मनोरंजन बँके'च्या नोटा लावल्या. याचं त्यांना मनापासून वाईट वाटतं. "आमच्यातलं नकली बी असली न्हाई," असं ते प्रत्येक पाहुण्याला कबूल करतात.

पाहुणे कुठून यायचे? हायवेवरून. सांगलीहून पाचगणीला निघालेलं एक कुटुंब बाथरूमची चौकशी करायला माझ्या दुकानाशी थांबलं. तात्यांनी त्यांना सोय दाखवली आणि बाहेर पडल्यावर सरळ तिकीट फाडलं. तासाभराने ती माणसं सुटली तेव्हा त्यातले साहेब आपलं लायसन उन्हात धरून बघत होते. तिकिटाला सवलत कुणालाच नाही. सरपंचांनाही दहा रुपये पडले, आणि त्यांची नोट इतका वेळ उजेडात धरली की ते घामाघूम झाले.

दोन गोष्टींचं कोडं मला सुटत नव्हतं. एक म्हणजे खऱ्याच्या भिंतीवर बरोबर मध्यभागी चांगल्या लाकडी चौकटीत लावलेली पाचशेची नोट. आजकालचीच, कुणाच्याही पाकिटात सापडेल अशी. खाली चिठ्ठी : 'सर्जेराव, पाटण. खरी.' पाहुण्यांनी तिच्याबद्दल विचारलं की एरवी तासभर बोलणारे तात्या "पुढं चला" म्हणायचे. दुसरं, संग्रहालयाच्या जाहिरातीचे पत्रे. हायवेवर एकही नाही, सगळे पाटणच्या रस्त्याला. बाण काढलेले पत्रे झाडांना, विजेच्या खांबांना, एक तर कुणाच्या तरी गोठ्याला.

शेवटी काकींनीच सांगितलं. मी त्यांच्या ब्लाउजचं माप घेत होते, तेव्हा.

सर्जेराव आणि तात्या एका पलटणीतले. सर्जेराव लांगरी, म्हणजे पलटणीचे आचारी. घरच्या आठवणीने तात्यांना घास उतरायचा नाही तेव्हा हे सर्जेराव समोर बसून त्यांना खाऊ घालायचे. मुलीच्या लग्नाला तात्यांनी सगळ्यात आधी त्यांना बोलावलं. आमच्याकडे लग्नात आहेर माइकवर पुकारतात, आणि तात्यांचा आवाज मिलिटरीतला, त्यामुळे मुलीचा बाप असून माइक त्यांच्याच हातात. सर्जेरावांनी पाचशेची नोट दिली. तात्यांनी सवयीने ती उजेडात धरली. नोट हलवली की हिरवी तार निळी दिसायला हवी. ती हिरवीच राहिली. आणि तात्यांच्या तोंडून माइकवर, अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल असं, निघून गेलं, "ही नकली हाय."

सर्जेराव पंगतीत बसायच्या बेतात होते. ते उठले आणि पाटणची गाडी धरून निघून गेले.

"आन मांडव हिरव्या कापडाचा व्हता गं," काकी म्हणाल्या. "त्यातनं सगळंच हिरवं दिसत व्हतं. नवरी बी हिरवी दिसत व्हती. ह्यांनी दुसऱ्या दिवशी अंगणात नोट बघितली, तर तार निळी."

तात्या त्यानंतर पाटणला जाऊन आले. स्टँडवर उतरले, चहा प्यायले आणि त्याच गाडीने परत आले. असं किती वेळा झालं ते काकींनी मोजायचं सोडून दिलं. चारचौघांत बोललेलं दारामागे जाऊन कसं पुसायचं, हे तात्यांना कळेना. म्हणून ती नोट त्यांनी चारचौघांत टांगली आणि पाटणच्या रस्त्याला बाण लावले. सर्जेरावांनी यावं आणि ती भिंत बघावी, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप होता. माझा राग तिथेच गेला. अस्तराचा सोडून.

एका दुपारी मी काजं करत बसले होते. एक उंच म्हातारा दुकानासमोर येऊन उभा राहिला. काखेत पत्रा. पत्र्यावरचा बाण आभाळाकडे.

"पोपट हाय का घरात?" त्याने विचारलं.

तात्यांना नुसतं पोपट म्हणणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. सुई तशीच टोचून मी मागोमाग गेले. शेजारधर्म म्हणून नव्हे, मला बघायचंच होतं.

सर्जेरावांनी पत्रा दारात आपटला. आपल्या घरासमोरच्या जांभळीला हा कुणी ठोकला, सून रोज विचारते हे कसलं संग्रहालय, रस्त्याने जाणारे आपल्याच घरात शिरतात आणि नाणी दाखवा म्हणतात, हा काय चावटपणा आहे, असं ते एका दमात बोलले. तात्या स्टुलावरून उठले होते. इतके दिवस ज्याची वाट पाहिली तो माणूस दारात उभा होता, आणि त्यांच्या तोंडून काय निघावं?

"दहा रुपये तिकीट हाय."

मी कपाळावर हात मारला. आतून काकींनीही मारल्याचा आवाज आला.

 सर्जेरावांनी खिशातून चार घड्या घातलेली एक नोट काढली आणि तात्यांच्या हातावर ठेवली. मी जवळच होते. घडीच्या फटीतून मला लाल शाईतला 'मनो' दिसला. नातवाच्या खेळण्यातली नोट असणार. म्हातारा पाटणहून तयारीने आला होता.

"कितीची हाय?" तात्यांनी विचारलं.

"पाचशेची."

तात्यांनी घडी उलगडली नाही. नोट तशीच सदऱ्याच्या खिशात घातली आणि गल्ल्यातून चारशे नव्वद मोजून सर्जेरावांच्या हातात दिले. गल्ला रिकामा झाला. शेवटचे वीस रुपये चिल्लर द्यावे लागले.

"बघ की उजेडात धरून," सर्जेराव म्हणाले.

"न्हाई."

"आरं, बघ तरी गड्या. नकली असली तर?"

"तुजी एकदा बघितली," तात्या म्हणाले. "लय म्हागात पडलं, सर्जा."

आवाज मिलिटरीतला राहिला नव्हता. मला तिथून जावंसं वाटलं आणि पाय निघेना. सर्जेराव चिल्लर मुठीत धरून डाव्या भिंतीकडे वळले. भोकाचा पैसा, कंगोऱ्याचे दहा पैसे, मग ती चौकट. चष्मा नव्हता बहुतेक, कारण चिठ्ठी वाचायला ते अगदी काचेला नाक लावून उभे राहिले. चिठ्ठीत चारही शब्द नाहीत, पण वाचायला त्यांना फार वेळ लागला.

तात्या उजव्या भिंतीला टेकून उभे होते, चॉकलेटच्या नाण्यांखाली.

"वयनी," सर्जेराव आतल्या दाराकडे तोंड करून म्हणाले, "जेवाय काय हाय? त्या दिशीचं जेवान ऱ्हायलंय माजं."

काकींनी ताटं वाढली. मलाही बसवलं. तात्यांच्या ताटात भाकरी पडली आणि त्यांनी ती सरळ मोडली. काकी हातात परात घेऊन उभ्याच राहिल्या. सर्जेराव मात्र लांगरी ते लांगरीच. त्यांनी आमटीत मीठ कमी आहे असं सांगितलं आणि तात्यांना आणखी एक भाकरी घ्यायला लावली.

चारशे नव्वद रुपये त्यांनी परत केले नाहीत. संध्याकाळच्या गाडीने पत्रा काखेत घेऊन गेले. तो परत जांभळीला ठोकतो म्हणाले, पण आता जरा खाली, वाचता येईल असा. आता दर पंधरवड्याला येतात, आणि दर वेळी तिकिटावरून भांडण होतं.

त्या जेवणाच्या दुसऱ्या दिवशी मी सुई-दोरा मागायला म्हणून गेले. खऱ्याच्या भिंतीवर त्या पाचशेच्या शेजारी आणखी एक चौकट लागली होती. आत चार घड्यांच्या रेषा पडलेली लाल शाईची नोट. 'मनोरंजन बँक' हे शब्द दारातूनही वाचता येत होते.

"तात्या, ही पलीकडच्या भिंतीवर पाहिजे," मी म्हटलं.

तात्या काच पुसत होते. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

"तुला काय कळतंय त्यातलं?" ते म्हणाले. "सर्जाची हाय ती."