नातीच्या चार अक्षरी नावाची मोहीम

वाचणारांस, व चष्मा सापडत नाही म्हणोन दुसऱ्याकडून वाचून घेणारांस, विदित व्हावे की, अडीच किलो वजनाच्या एका मुलीस नाव कसे पडले त्याची ही हकीकत आहे. यात पदरचे तिखटमीठ घातले नाही, जे जैसे घडले तैसे लिहिले आहे. आणि ज्यांस हे प्रकरण क्षुल्लक वाटेल त्यांनी आपल्या घरी दोन आज्या एका पाळण्यापाशी उभ्या कराव्या आणि मग तोंड उघडावे.

चौकातल्या तिसऱ्या गाळ्यात थोरल्या बाईंचे ठाणे होते. पोरांच्या दप्तरांवर, एप्रनांवर, टोप्यांवर आणि दुपट्यांवर रेशमी दोऱ्याने नाव भरून देणे हा बाईंचा हुन्नर, आणि तो चाळीस वर्षे एकहाती चालविला. बाईंचे शिक्षण दुसरीपर्यंत, तेही दुसरीचा वर्ग गळत होता म्हणोन अर्धेच. परंतु सुईने अक्षर गिरवीत गिरवीत बाईंनी आपली लिपी काबीज केली. मग त्या रस्त्यावर नाना मुलखांची माणसे येऊन राहिली, आणि त्यांच्या पाच-सहा लिप्यांतील अक्षरे बाईंनी चित्रे म्हणोन हस्तगत केली. बेकरीवाल्याची अक्षरे उजवीकडून धावत येत, नर्सबाईंची वेटोळी घालून बसत, आणि बाईंस त्यांतील एकही वाचता येत नसे, तरी वेलांटी चुकली तर हातास आधी कळे.

दुकानचा दंडक एकच. आईबापांनी आपल्या हाताने नाव लिहून चिठ्ठी द्यावी, चिठ्ठीवाचून सुई कापडास लागणार नाही, मग समोर खुद्द बादशहा का येईना. त्या चिठ्ठ्या बाईंनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत जतन केल्या, आणि तो दफ्तरखाना पाहिला असता जमान्याची चाल उमगत असे. तळच्या डब्यात आजेआज्यांची पाच-सहा अक्षरी भारदस्त नावे. त्यांवरच्या डब्यात एके वर्षी एकाच नटीच्या नावाच्या तीस मुली, आणि नटीचे लग्न मोडले त्या वर्षी एकही नाही. मग नावे आखडत चालली, चारांची तीन जाहली आणि तिनांची दोन. सांप्रत तर प्लंबरच्या लेकाचे नाव बेकरीवाल्याच्या मुलखातले, बेकरीवाल्याच्या लेकीचे कोण्या तिसऱ्याच मुलखातले, आणि कोणी पुसिले तर उत्तर एकच, फोनवर सापडले. बाई सर्व नावे सारख्याच निगुतीने भरीत आणि गिऱ्हाईक वळले की म्हणत, "नाव म्हणजे काय चप्पल आहे, नवी आली की पालटायची?"

ऐशा बाईंच्या सूनबाईंस सातवा महिना लागला, आणि बाईंच्या हातून ते घडले जे चाळीस वर्षांत घडले नव्हते. बाईंनी कोणाची चिठ्ठी न घेता, कोणास न पुसता, बारा दुपट्यांवर आपल्या दिवंगत मातोश्रींचे चार अक्षरी नाव भरिले आणि दुपटी ट्रंकेत कुलुपबंद केली. बाईंचा डाव ऐसा की, बारा नग तयार आहेत म्हटल्यावर कोणाची छाती आहे दुसरे नाव काढण्याची? आणि मुलगा जाहला तर काय, याचा विचार बाईंनी केला नाही. पुढे मुलगीच जाहली, तेव्हा बाईंनी ऐसा मुखडा केला की हा बंदोबस्तही त्यांचाच.

तिसरे दिवशी मूल घरी आले. बाईंनी ट्रंक उघडून पहिले दुपटे पसरले. बाईंचे चिरंजीव लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होते, आणि घरात आई व बायको समोरासमोर आल्या की स्वतः दोन मजल्यांच्या मध्ये अडकत. परंतु त्या दिवशी त्यांनी धैर्य केले.

"आई, आम्ही एक नाव ठरवलंय. दोनच अक्षरी. कुठल्याही देशात गेली तरी कोणाची जीभ अडखळणार नाही."

बाईंनी नाव ऐकिले, उठल्या, दुकानातून वरचा डबा आणविला, आणि टेबलावर एकेक करून अकरा चिठ्ठ्या मांडिल्या. अकराही चिठ्ठ्यांवर तीच दोन अक्षरे.

"ह्या यंदाच्या. कोपऱ्यावरच्या बालवाडीत ह्यातल्या चौघी एकाच वर्गात आहेत. तिथली बाई त्यांना काय म्हणून हाक मारते माहितीय? लाल दप्तर, पिवळं दप्तर, टोपीवाली आणि रडकी. तुझी पाचवी. तिला काय म्हणतील, 'ए, तू'?"

चिरंजीव मध्येच अडकले. सूनबाईंनी चिठ्ठ्या उलटसुलट करून पाहिल्या आणि त्यांचाही रंग उतरला. येणेप्रमाणे दोन अक्षरी नावाचा मोड अर्ध्या तासात जाहला, आणि बाईंनी चहा मागविला.

तों चौथे दिवशी विहीणबाई दाखल जाहल्या. सूनबाईंचे माहेर दूरच्या मुलखातले, भाषा निराळी, लिपी निराळी. विहीणबाई थोरल्या बाईंसारख्याच ठेंगण्या आणि तैशाच ताठ. त्यांनी पेटी उघडून एक पांघरूण काढिले आणि पाळण्यावर पसरले, तों त्यावर त्यांच्या मातोश्रींचे तीन अक्षरी नाव, निळ्या दोऱ्यात, हाताने भरलेले. थोरल्या बाईंनी पांघरूण उचलिले, आणि कारागिराच्या सवयीने आधी उलटे केले. मागची बाजू पुढच्याइतकीच नेटकी, एक गाठ दिसेना. बाईंस खोड काढावयास जागा सापडेना, आणि म्हणोन अधिकच राग आला.

बाईंनी फर्माविले, "त्यांना सांग, पाहुण्यांनी आणलेलं आम्ही टाकत नाही. फरशी पुसायला घेऊ."

सूनबाई औषधांच्या दुकानी कामास होत्या, कडू गोळीस साखरेचे कवच चढविणे जाणत होत्या. त्यांनी आपल्या मातोश्रींस तर्जुमा करून सांगितला की, सासूबाई म्हणतात कापड फार मऊ आहे. त्यावर विहीणबाई पुष्कळ वेळ बोलल्या, हातवाऱ्यांसह.

"काय म्हणाल्या?"

"तुमची दुपटी छान आहेत म्हणते."

"एवढं तासभर बोलून एवढंच?"

"आमच्या भाषेत शब्द लांब असतात, आई."

मग युद्धास तोंड लागले. थोरल्या बाई आंघोळीस गेल्या की विहीणबाई दुपटे काढून पांघरूण घालीत, आणि विहीणबाई फोनवर बोलू लागल्या की थोरल्या बाई पांघरूण काढून दुपटे घालीत. पांघरूण एक आणि दुपटी बारा, म्हणोन विहीणबाईंनी दोरा मागवून आणखी चार कापडे भरिली. ऐसे चौदा दिवस गेले. एके दिवशी मुलीचे वस्त्र नऊ वेळा पालटले, धुण्याचे यंत्र कण्हू लागले, आणि गॅलरीच्या दोरीवर दोन लिप्यांची निशाणे शेजारी शेजारी फडकू लागली. खालचे रहिवासी वर पाहून आज कोणाची सरशी ते ओळखीत. मुलीस एक आजी एका नावाने हाक मारी, दुसरी दुसऱ्या, आणि मुलगी दोघींकडे न पाहता छताच्या पंख्याकडे पाही.

अठरावे दिवशी सूनबाईंची शुद्ध हरपावयाची वेळ आली. त्यांनी दोन्ही बाजूंची सर्व वस्त्रे जप्त केली, मुलीस नवऱ्याच्या जुन्या शर्टात गुंडाळिले, दोघींस स्वयंपाकघरातील टेबलापाशी बसविले, आणि हुकूम केला की, एकविसाव्या दिवशी नोंदणीची मुदत सरते, अर्जात नावास चौकोन एक आहे, आणि यापुढे कापड बोलणार नाही, माणसे बोलतील.

"आणि एक सांगते. आजपासून मी जसंच्या तसं सांगणार, शब्दाला शब्द. तेव्हा जपून बोला. गेले चौदा दिवस तुम्ही एकमेकींना काय काय म्हणालात ते मला माहितीय."

दोघी विहिणी एकाच वेळी टेबलाकडे पाहू लागल्या.

मग थोरल्या बाई, ज्यांच्या जिभेची धार तीन गल्ल्यांस ठाऊक, त्या ऐशा हळू बोलिल्या की चिरंजीव दारातून पुढे झाले.

"माझ्या आईचं नाव कुठेच लिहिलेलं नाही. शाळेत ती गेली नाही. घरभाड्याच्या पावतीवर वडिलांचं नाव. ती गेली तेव्हाच्या कागदावरही अमक्याची बायको, एवढंच. मी सगळ्या जगाच्या पोरांची नावं लिहीत बसले आणि तिचं लिहायला चाळीस वर्षं लागली मला. ते ह्या दुपट्यांवर पहिल्यांदा लिहिलं. दुपटी फाटतात. मला ते सरकारी कागदावर हवंय."

सूनबाईंनी शब्दास शब्द सांगितला. गाळिले काही नाही. विहीणबाई ऐकत राहिल्या आणि मग बोलिल्या, आणि या खेपेस शब्द लांब नव्हते. त्यांच्या मातोश्री मुख्याध्यापिका होत्या, नाव शाळेच्या दारावर दगडात कोरिले आहे, वीतभर उंच अक्षरांत, येणारेजाणारे वाचतात. परंतु त्यांस नावाने हाक मारणारे एकही माणूस जगात उरले नाही. विहीणबाईंस ते नाव घरात ऐकावयाचे होते, स्वयंपाकघरातून कोणी ओरडावे तैसे.

थोरल्या बाई पदर सावरून, गिऱ्हाइकाशी सौदा करावा तैशा सुरात म्हणाल्या, "मग भांडण कसलं? कागद मला द्या. हाक तुम्ही घ्या."

विहीणबाईंनी सूनबाईंकरवी पुसविले की, हाक थोरल्या बाईही मारतील काय?

"कधीमधी," बाई म्हणाल्या. "जमलं तर."

येणेप्रमाणे तह जाहला. चिरंजीवांचे दोन अक्षरी नाव पुढेमागे मांजरी पाळल्यास तिजला द्यावे, ऐसे ठरले.

एकविसावे दिवशी खासा स्वारी नोंदणी कचेरीस निघाली. सूनबाई मुलीसह, चिरंजीव कागदांसह, विहीणबाई नव्या पादत्राणांसह, आणि सर्वांपुढे थोरल्या बाई. तिसऱ्या मजल्यावर खिडकी क्रमांक चार, आत एक कारकूनबाई. सूनबाईंनी चौकोनात चार अक्षरे लिहिली, अर्ज आत सरकविला, कारकूनबाईंनी मान वर न करता नाव यंत्रात घातले आणि सहज बोलल्या, "ह्या आठवड्यातली तिसरी."

"काय तिसरी?" थोरल्या बाई.

"ह्या नावाची. जुनी नावं परत निघालीयत ना सध्या. परवा एक बाहेरच्या देशातलं जोडपं आलं होतं. अर्थबिर्थ काही माहीत नव्हता त्यांना. ऐकायला गोड वाटलं म्हणाले."

चिरंजीव मध्येच अडकले. सूनबाईंनी मुलगी छातीशी धरिली. आयुष्यभर फॅशनच्या नावांची टर उडविणाऱ्या बाईंच्या मातोश्री फॅशनीत निघाल्या, आणि तेही परक्या मुलखातल्या, अर्थ न जाणणाऱ्या माणसांकडून, हा वार कैसा झेलतील, म्हणोन सर्व बाईंकडे पाहू लागले. बाई खिडकीची कड धरून उभ्या राहिल्या. मागच्या रांगेतून कोणी खाकरले, तरी हलल्या नाहीत.

मग पुसिले, "नीट लिहिलं का त्यांनी?"

"काय?"

"चारही अक्षरं नीट लिहिली का?"

कारकूनबाईंनी प्रथमच मान वर करून पाहिले. मग यंत्रात मागे जाऊन दोन्ही नोंदी तपासिल्या. "हो बाई. दोघींचीही नीट आहेत."

"मग ठेवू देत," बाई म्हणाल्या. आणि त्या दोन अज्ञात मुलींस ते नाव वंशपरंपरा वापरण्याची परवानगी तेथेच, उभ्या उभ्या, बहाल जाहली. शिक्का पडला. बाईंनी दाखला दोन्ही हातांत घेऊन चार अक्षरे बोटाने एकदा चाचपिली, छपाई उठावाची नव्हती तरी.

जिना उतरताना मुलगी रडू लागली, ऐसी की मजलेच्या मजले दुमदुमले. बाईंनी तिला सुनेकडून घेतली, खांद्यावर टाकिली, पाठ थोपटली, आणि तिला निजविता निजविता त्यांच्या तोंडून तीन अक्षरी नाव निघाले, एकदा नव्हे, तीनदा, आणि उच्चारही बरा. विहीणबाई दोन पायऱ्या मागे होत्या. त्यांस दुभाष्याची गरज पडली नाही.

येणेप्रमाणे एकविसावे दिवशी, मुदत सरावयास दोन तास असता, मोहीम फत्ते जाहली. फत्तेची नोंद केली असे.