डोळ्याला जपा

भांडायला जाताना मुद्देमाल बरोबर न्यायचा असं मी ठरवलं, आणि तिथेच घोटाळा झाला. नुसतं तोंडाने भांडलो असतो तर नर्सरीवाल्या बाईंनी "माती खराब असेल" म्हणून मला वाटेला लावलं असतं, मी घरी येऊन चार दिवस धुसफुसलो असतो आणि विषय संपला असता. पण मी पडलो कारकून. पुराव्याशिवाय आमच्यात कुणी रागवतसुद्धा नाही.

मुद्देमाल म्हणजे कुंडीतला गुलाब. गुलाब आपलं म्हणायचं. गच्चीच्या कठड्यावरून तो शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांपर्यंत पोचला होता. अंगभर काटे, पाला भरघोस, आणि फूल म्हणाल तर नावाला नाही.

आता एवढ्यावरून मी भडकलो नसतो. पण तो गुलाब माझ्या सासूबाईंच्या परसातला होता. त्या गेल्या, मेहुण्यांनी घर विकलं, आणि किल्ल्या द्यायच्या आधी बायकोने त्याची एक फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली. (मेहुण्यांनी फ्रिज, टीव्ही आणि दोन्ही कपाटं नेली. मी त्यावर एक अक्षर बोललो नाही. निदान त्यांच्यासमोर.) फिकट, पिवळसर फूल. तोडल्यावर दुसऱ्या दिवशी त्याचा वास जास्त यायचा, म्हणून सासूबाई त्याला 'शिळा' म्हणायच्या. नव्या मालकाने परसात फरशी घातली, झाड गेलं. म्हणजे शिळा उरला तो त्या फांदीत, आणि तिचं कलम या बाईंनी करून दिलं होतं.

तेव्हापासून बायको रोज सकाळी गच्चीवर जाऊन कळी आलीय का बघायची आणि काही न बोलता खाली यायची. तिचं ते न बोलणं मला सहन होईना. (बोलण्याची सवय आहे.) शेवटी एका सुट्टीच्या दिवशी मी म्हणालो, "चल. आज त्या बाईला सोडत नाही. जंगली झुडूप गळ्यात मारलंय आपल्या."

"मीच बोलते तिच्याशी," बायको म्हणाली. "तुम्ही नुसते मागे उभे राहा."

लग्न झाल्यापासून आम्ही दोघं एकाच बाजूने भांडायला निघालो, ही पहिलीच वेळ. स्कूटरवर ती मागे, कुंडी तिच्या मांडीवर, आणि काटे माझ्या पाठीत. प्रत्येक गतिरोधकाला माझा राग वाढत गेला.

नर्सरीत बाई एका गिऱ्हाइकाला कसलंसं रोप विकत होत्या. "काही करावं लागत नाही, नुसतं पाणी घाला." हे वाक्य त्या प्रत्येक रोपाबद्दल म्हणतात. मी कुंडी त्यांच्या टेबलावर दाणकन आदळली.

"हे काय आहे?"

"खुंट," बाई म्हणाल्या.

"गुलाब कुठंय?"

"तेच मी विचारतेय. गुलाब कुठंय? हा खालचा जंगली खुंट आहे. याच्या सालीत मी तुमच्या फांदीवरचा डोळा भरला होता. तो डोळा काय केलात?"

"कसला डोळा? काही भरलं-बिरलं नसणार तुम्ही. लोकांना अडाणी समजता, आणि..."

बाईंनी खोडाशी वाकून एका जागी बोट ठेवलं. "हा बघा. भरला होता, धरला होता, चांगला फुटलाही होता. कुणीतरी मुळापासून कापलाय. तुम्हाला मी तेव्हाच बजावलं होतं, खुंटाला येणारी रानफूट काढत जा आणि डोळ्याला जपा."

"जपलं की," मी तावातावाने म्हणालो. "काटे डोळ्यात जाऊ नयेत म्हणून खास गॉगल विकत आणला. चष्म्यावरून लावायचा. तो लावल्याशिवाय कधी कात्री हातात घेतली नाही."

ते गिऱ्हाईक आपलं रोप खाली ठेवून नीट ऐकायला उभं राहिलं.

"डोळा म्हणजे पानाच्या बगलेतला कोंब," बाई एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या. "त्यातूनच तुमचा गुलाब येणार होता."

"लालसर फूट होती, ती?" बायकोने मला विचारलं.

"मरतुकडी होती गं. बाकीच्या सगळ्या हिरव्यागार, जोमदार, आणि ही एकटीच वेगळी. मला वाटलं, हीच रानफूट." (ऑफिसात जन्म गेला. बहुमत कुठे आहे ते बघायचं आणि उरलेल्याला काढायचं, एवढंच मला येतं.)

"आईचं तेवढंच राहिलं होतं हो माझ्याकडे," बायको म्हणाली आणि रोपांच्या रांगांमध्ये चालू लागली. तिने डोळ्यांना पदर लावलेला मला दिसला. मला भयंकर लाज वाटली, आणि लाज वाटली की मी आणखी ओरडतो. मी बाईंवर तुटून पडलो. डोळ्याला डोळा का म्हणता, कोंब म्हणायला काय धाड भरली होती, अशा शब्दांनी एखाद्याचा संसार मोडेल. बाईही कमरेला हात लावून उभ्या राहिल्या. त्यांचं म्हणणं, आजपर्यंत शेकडो लोकांना हेच सांगितलं, गॉगल घेणारे तुम्हीच निघालात.

"अहो, इकडे या."

बायकोचा आवाज. ती हिरव्या जाळीखाली एका रांगेसमोर उभी होती आणि तिच्या हातात एक सुकत आलेलं, फिकट पिवळसर फूल होतं. तिने ते माझ्या नाकाशी धरलं. वास ओळखायला मला कुणाची गरज लागली नाही. आम्ही त्यांच्याकडून परत निघताना सासूबाई माझ्या डब्यावर हेच ठेवायच्या.

रांगभर तीच रोपं होती. प्रत्येकावर पाटी: 'मिडनाइट क्वीन'.

"हे कुठून आलं तुमच्याकडे?" बायकोने विचारलं. आवाज एवढा थंड होता की मी सवयीने दोन पावलं मागे सरलो.

बाई पहिल्यांदाच जरा चाचरल्या. "फांदीवर काय एकच डोळा असतो का, ताई? एक तुमचा, बाकीचे नर्सरीचे. सगळे असंच करतात. धंदा आहे हा."

"याला चोरी म्हणतात," मी गरजलो. शेवटी मला हवं ते सापडलं होतं. "न विचारता आमच्या सासूबाईंचा गुलाब गावभर विकताय तुम्ही."

"चोरी तर चोरी. ती केली म्हणून उरलाय तो. सगळे डोळे इमानदारीत तुमच्या हवाली केले असते, तर आज काय असतं, साहेब?"

मी आधारासाठी बायकोकडे वळलो. बायकोने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती बाईंच्या बाजूला जाऊन उभी राहिली होती. भांडण तिचं संपलं नव्हतं, फक्त त्यातून मला वगळलं होतं.

"आधी त्या पाट्या काढा," ती म्हणाली. "याचं नाव शिळा आहे."

"शिळा म्हटलं तर कोण घेईल, ताई?"

"मी घेईन. आणि पुन्हा मेलं तर पुन्हा घेईन. माझ्या आईचा आहे, तुम्ही मला नाही म्हणायचं नाही."

"नाही म्हणत," बाई हळूच म्हणाल्या. त्यांनी त्यातल्या त्यात भरदार रोप स्वतः निवडलं, कागदात गुंडाळलं आणि बायकोच्या हातात दिलं. मी घ्यायला हात पुढे केला होता, पण तो दोघींनाही दिसला नाही.

"आणि हो," बाई नेहमीच्या धंद्याच्या सुरात म्हणाल्या, "घरात एखादं जनावर वगैरे आहे का, कुंडीत तोंड घालणारं? असेल तर भोवती लावायला जाळी देते."

बायकोने मला डोक्यापासून पायापर्यंत एकदा नीट न्याहाळलं.

"द्या," ती म्हणाली. "जरा उंच द्या."