दोन शिट्ट्या

कॅप्टनला धाकट्या बहिणीकडे देऊन सहा दिवस झाले होते. बायकोच्या शिंका थांबेनात, तेव्हा डॉक्टरांनी कुत्र्यावर खापर फोडलं होतं. "कुत्र्यात काय जीव गुंतवायचा," असं निवृत्त ड्रिलमास्तर जुनाट मफलर झटकत घरात म्हणाले खरे. पण गुडघ्याचं निमित्त करून ते सहा दिवस बाहेर पडले नाहीत आणि गल्लीत कुणाला पत्ताही लागू दिला नाही.

सातव्या दिवशी सकाळी सवयीने पट्टा हातात घेऊनच ते फिरायला निघाले. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने कॅप्टनची चौकशी केली. ज्याच्या शिस्तीच्या बढाया मारून गल्लीचे कान किटवले, तो देऊन टाकला म्हणून सांगायला मास्तरांची जीभ रेटेना.

"पुढे गेलाय," ते म्हणाले.

पुढे म्हणजे हमरस्ता. इस्त्रीवाल्याने धावत जाऊन औषधवाल्याला गाठलं, आणि पाच मिनिटांत निम्मी गल्ली गाड्यांखाली वाकून बघू लागली. मास्तरही वाकले. न वाकून सांगतात कुणाला?

शेवटी औषधवाल्याला आठवलं. "मास्तर, दोन शिट्ट्या दिल्या की कुठूनही येतो म्हणता ना? मग वाजवा की."

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. तीस वर्षं या शिट्टीवर पोरं रांगेत उभी राहिली होती; आज ती गल्लीदेखत खोटी पडणार होती. त्यांनी डोळे मिटून शिट्टी फुंकली. दुसरी शिट्टी जरा लांबलीच, कारण कॅप्टनची फार आठवण येत होती.

आणि मंडईच्या बाजूने, गळ्यात तुटकी दोरी लोंबत असलेला कॅप्टन सुसाट आला अन् मास्तरांच्या डाव्या पायाशी ताठ बसला. टाळ्या पडल्या. मास्तरांची छाती अभिमानाने फुगली.

एवढ्यात मंडईपलीकडे राहणारी बहीण धापा टाकत आली, एकाच पायात चप्पल. मास्तरांचा चेहरा पडला. तिने गर्दीकडे पाहिलं, मग भावाकडे.

"दादा, तुझा कुत्रा तूच आवर बाबा," ती मोठ्याने म्हणाली. "माझ्याकडे आला की फाटकाकडे तोंड करून बसतो नुसता."

मास्तरांनी कॅप्टनला सगळ्यांच्या देखत, मुद्दाम लांबच्या वाटेने घरी नेलं. बायकोने शिंकतच दार उघडलं.

"ये रे बाबा," ती कॅप्टनला म्हणाली. मग मास्तरांकडे वळली. "तो नव्हता तरी मी शिंकतेच आहे. आता तो मफलर देऊन टाका."

तीस वर्षं हुकूम सोडलेल्या मास्तरांनी मुकाट्याने मफलर काढला. कॅप्टन त्यांच्याकडे मोठ्या कौतुकाने बघत होता.