युसुफचा वकील

गोधडी टबात भिजत घातली कांचनने, पण "नळ मी बंद करतो" असं म्हणाला होता कुमार. कुमारचं 'करतो' म्हणजे काय, हे लग्नाच्या सहा वर्षांत तिला कळायला हवं होतं.

साल १९८४, गाव अमेरिकेतलं ॲन आर्बर, विद्यार्थ्यांच्या फॅमिली क्वार्टर्स. पाणी टबातून जमिनीवर गेलं, जमिनीतून खालच्या घरात, आणि तिथे नेमकं युसुफच्या टेबलावर! युसुफ सोमालियाचा. सोमाली भाषेत आलेले अरबी शब्द हा त्याचा पीएच.डी.चा विषय. एका शब्दाला एक कार्ड, अशी नऊशे कार्डं त्याने बुटांच्या खोक्यांत त्याच टेबलावर जपून ठेवलेली. खालून छताला झाडूचे दणके बसले, तेव्हा कुठे कुमार उठला.

"जा, सॉरी म्हणून या," कांचन म्हणाली.

"आधी त्र्यंबककाकांना फोन करतो."

त्र्यंबककाका जवळच्याच ट्रॉय गावी मोटारीच्या कंपनीत इंजिनिअर. अमेरिकेत सतरा वर्षं काढलेली, त्यामुळे सगळ्याच विषयांतले जाणकार. ते फोनवर ओरडलेच, "सॉरी? खबरदार! सॉरी म्हणजे गुन्हा कबूल. इथे जिन्यावर पाय घसरला तरी लोक स्यू करतात. अगदी गप्प बस!"

कुमार गप्प बसला. चार दिवस दोघं जिन्यावरून चोरासारखी ये-जा करत होती. कांचनचा जीव मात्र तुटत होता, कारण युसुफची बायको होदान तिची मैत्रीण. होदानला इंग्रजी जेमतेम, कांचनला सोमाली शून्य. पण खुर्ची तिकडे 'कुर्सी', साबण 'साबून' आणि दुकान तर दुकानच! अरबी शब्द दोन्ही घरी पाहुणे आलेले, त्यांच्या जिवावर दोघींच्या तासन् तास गप्पा चालत.

पाचव्या दिवशी होदानने तिला लाँड्रीत गाठलं. भिंतीवरच्या कॅलेंडरात शनिवारावर बोट ठेवून ती गंभीरपणे म्हणाली, "वकील. सुआल."

कांचन ओले कपडे तसेच टाकून वर धावली. "अहो, शनिवारी वकील येतोय! सवाल विचारायला!"

कुमारच्या तोंडचं पाणी पळालं. "संपलं! केस झाली की व्हिसा गेला. डिग्रीला चार महिने राहिलेत गं, फक्त चार! आईला काय सांगू, नळ उघडा ठेवला म्हणून परत पाठवलं?"

शनिवारी तो लग्नातला सूट चढवून बसला. काकांनी पढवलेलं एकच वाक्य घोकत होता. दार वाजलं. बाहेर एक वृद्ध गृहस्थ उभे होते. मेहंदीने लाल केलेली दाढी आणि हातात एक डबा.

"मी युसुफचा वकील," ते सावकाश इंग्रजीत म्हणाले; 'वकील' तेवढा सोमालीत.

"नो कॉमेंट," कुमार म्हणाला.

"आत येऊ?"

"नो कॉमेंट!"

कांचनने त्याला बाजूला सारलं आणि खुर्ची ओढली. "कुर्सी," ती म्हणाली. आजोबा खूश होऊन बसले.

"माझा एकच सवाल आहे," ते म्हणाले. "तुम्ही रागावलात का? युसुफने तुमच्या पायाखाली झाडू आपटला. तेव्हापासून तुम्ही बोलत नाही. पोराला लाज वाटते, म्हणून त्याने मोठ्या माणसाला मध्ये घातलं." त्यांनी डबा पुढे केला. "हल्वो."

"हलवा!" म्हणता म्हणता कांचनला रडूच फुटलं. "अहो आजोबा, आम्ही कशाला रागावू? नळ आमचा, चूक आमची!"

"सॉरी!" कुमार एकदम म्हणाला. "सॉरी, व्हेरी सॉरी, रिअली सॉरी..." त्या टबासारखाच तो थांबेचना.

दुपारी दोन्ही घरं मिळून, वाळून वाकड्या झालेल्या कार्डांना इस्त्री करत बसली. हलवा संपत आला होता. इतक्यात काकांचा फोन आला. कुमारने सगळी हकीकत सांगितली.

"अरे, मग बरोबरच आहे!" काका म्हणाले. "पेशव्यांचा दिल्लीत वकील असायचा, तो काय केस लढवायला? वकील म्हणजे आपल्या वतीने बोलणारा माणूस! शाळेत इतिहास होता ना तुला? एवढं साधं कसं कळलं नाही रे?"

कुमारने इस्त्री खाली ठेवली.

"काका," तो म्हणाला, "नो कॉमेंट."